आण इकडं

नळाला पाणी यायचा दिवस होता. गारखेड्यात असा दिवस उगवला की घरातलं एकूण एक भांडं कामाला लागतं. हनुमान गच्चीवर टाकीच्या तोंडात पाइप धरून उभा होता, पाण्याला जोर नव्हता, आणि आज टाकी भरते की नाही याच्यापलीकडे त्याच्या डोक्यात काही नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी त्याच्या बापानं हाक मारली. "मेथीऽऽ आली मेथी! ऊठ गं माय, ऊठ गं ताई, पिशवी घे हाती! शेपू घ्या, पालक घ्या, कवळी कवळी कोथमीर घ्याऽऽ!" बाप जाऊन वर्ष होत आलं होतं. अग्नी हनुमाननंच दिला होता, राख त्यानंच सावडली होती. पाइप हातातून सुटला, पाणी गच्चीभर पसरलं, आणि पन्नाशीला आलेल्या त्या माणसाच्या तोंडून "आलो आप्पा" असे शब्द आपसूक निघून गेले. कोणी ऐकले नाहीत. पण त्याचे त्याला ऐकू आले आणि लाजेनं त्याचे कान तापले. खाली कोथमिरीनंतर एक हाळी उठली, बिनशब्दाची, चढत चढत जाऊन टोकाला गर्रकन वळणारी, हीऽऽयोऽऽ, आणि मग आवाज पुन्हा मेथीवर आला.

कठड्यावरून वाकून पाहिलं तर सांडूची हातगाडी. सांडू भाजीवाला या गल्लीचा जुनाच, पण पाइपलाइनसाठी गल्ली खणली आणि वर्षभर तशीच उघडी पडली, तेव्हा गाडी आत येणं बंद झालं आणि सांडू दुसरीकडे फिरू लागला. परवा कुठे खड्डे बुजले. गाडीच्या दांडीला एक लाल भोंगा बांधला होता. त्यात एकदा आवाज भरला की बॅटरी आहे तोवर तो तेच तेच बोलत राहतो. दवाखान्यात जायच्या आधी कधीतरी आप्पांनी सांडूला तो भरून दिला होता. हनुमान तेव्हा वाळूजला ड्यूटीवर असणार. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात होतंही काय? आप्पा रोज कोणाला ना कोणाला काहीतरी करून देतच असत. फक्त एवढंच की मेल्यावर तरी माणूस थांबतो, असा हनुमानचा समज होता. भिंतीवर आप्पांचा फोटो होता, हार घातलेला. त्या फोटोची फ्रेमसुद्धा आप्पांनीच करून ठेवली होती, सागवानी पट्टी कोपऱ्यात अशी बेमालूम जुळवलेली की सांधा दिसू नये. खिळाही त्यांनीच ठोकून ठेवला होता. तेराव्याच्या दिवशी मुलाला फक्त फोटो अडकवायचं काम उरलं, आणि तो अडकवतानाही मागून कोणीतरी म्हणालंच, "वाकडा झाला हो."

आप्पांना, म्हणजे सूर्यभानरावांना, काय येत नव्हतं, हे सांगणं सोपं. एसटीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागलेला माणूस, पिशोरच्या शिवारात मेंढरांमागे वाढलेला, शाळा नावापुरती. पण पेटी वाजवायचे, बासरी वाजवायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, बंद पडलेला रेडिओ कानाशी धरून नुसता हलवला तरी दुखणं ओळखायचे. लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक एकहाती उतरवायचे आणि शेवटची पंगत उठली की अंगरखा बदलून नकला करायला उभे राहायचे. गल्लीतल्या पोरांचे केस कापायचे, पोरींना सायकल शिकवायचे, स्वतःचे शर्ट स्वतः शिवायचे. दारू नाही, तंबाखू नाही, हात उगारणं नाही. पगार आणून बायकोच्या हातात. "संसारी माणूस असावा तर असा," असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. अशा बापाविरुद्ध तक्रार करायची कशी आणि कोणाकडे? शेजारच्या पोरांचे बाप पिऊन गटारीत पडत, त्या पोरांना निदान रडायला जागा होती. हनुमानच्या वाट्याला दोनच शब्द आले होते. आण इकडं. पतंगाला कण्णी बांधायला बसावं, बांधणी चुकते न चुकते तोच वरून हात यायचा: आण इकडं. वहीत चित्राला रंग भरावा: आण इकडं. आईच्या शिलाई मशीनचा पट्टा बसवावा, भाकरी थापून बघावी, पाव्हण्यांना चहा गाळून द्यावा: आण इकडं, तुला नाय जमायचं, बघ असं. रागानं कधीच नाही. हसत, मायेनं, खांद्यावर थोपटत. आणि ती वस्तू त्या हातात गेली की अशी काही सुंदर होऊन परत यायची की "मला करू द्या" म्हणणारा माणूसच वेडा ठरावा. तसं बघता बघता हनुमानच्या हातांनी हट्ट सोडला. आज तो वाळूजच्या एका कंपनीत तपासणी खात्यात आहे. दुसऱ्यांनी केलेले पार्ट पट्ट्यावरून पुढे येतात, तो त्यांच्याकडे बघतो आणि चुकलेला असेल तो बाजूला काढतो. स्वतः काही बनवत नाही. नोकरी त्याला छान जमते.

एकदाच त्यानं चोरून काही शिकायचा प्रयत्न केला होता. अकरावीच्या सुट्टीत पिशोरला चुलत्याकडे राहिला असताना तो ढोल शिकला. चुलता फार बोलणारा नव्हता, ढोल पोराच्या गळ्यात अडकवून स्वतः बाजेवर पडून राहायचा, आणि चुकलं की नुसता खाकरायचा. ती सुट्टी हनुमानला अजून अंगावर आठवते. ओल्या लोकरीचा वास, मांडीवर ढोलाच्या कडीचा गार स्पर्श, आणि एका दुपारी अचानक दोन्ही हात आपापले चालायला लागले, त्यांना सांगावंच लागेना, तेव्हा पोटातून वर चढत आलेलं ते हसू. जत्रेच्या दिवशी तो देवळापुढे उभा राहिला. गडी गोल धरून नाचायला लागले, धूळ उठली, ठेका धरला गेला, आणि म्हाताऱ्यांनी "कोनाचं रं हे?" असं एकमेकांना विचारलेलं त्यानं स्वतः ऐकलं. त्याच वेळी शहरातून आलेल्या एसटीतून आप्पा उतरले. गर्दीतून वाट काढत, हसत, डोळ्यांत कौतुक मावत नाही असे आले, आणि चालत्या ठेक्यातच त्याच्या गळ्यातला पट्टा वर उचलत म्हणाले, "आण इकडं." ठेका एका मात्रेनंही चुकला नाही. लोकांनी आरोळी ठोकली. त्या दिवशी सूर्यभान असा वाजला की जत्रा अजून त्याचं नाव काढते. हनुमान मानेवरचा पट्ट्याचा ओला वळ चोळत बाजूला उभा राहिला, आणि बाजेवर पडून राहणारा चुलता त्याच्याकडे न बघता म्हणाला, "जा, पानी पिऊन ये." त्यानंतर त्यानं ढोलाला हात लावला नाही. आप्पा कधी कधी म्हणायचे, "पोरगं चांगलं धरत व्हतं ठेका, पन सोडून देलं. जिद्द नाय."

आता हा आवाज रोज सकाळी येऊ लागला. हनुमान दात घासत असे, चहा पीत असे, शर्टची बटणं लावत असे. मेथी आली की हात जागच्या जागी थांबायचा. त्याला सर्वांत लागायचं ते आईचं. कस्तुराबाई एरवी गुडघे धरून चालणारी, जिना उतरायचा म्हटलं की देवाचं नाव घेणारी. पण हातगाडी गल्लीत शिरली की कापडी पिशवी घेऊन खाली जायची. गाडीशी उभी राहायची. हाळी होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. मग दोन जुड्या मेथी घ्यायची आणि हळूहळू वर यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काहीतरी असायचं, ज्याच्याकडे हनुमानला बघवत नसे. प्रेम, दुसरं काय. जन्मभर ज्या माणसानं हिला एक गाणं पुरं म्हणू दिलं नाही, बारशाला पाळणा म्हणायला बसली तर दुसऱ्या कडव्याला पेटी घेऊन आत येऊन स्वतःच म्हणायला लागला, त्याच्यासाठी ही दुखत्या गुडघ्यांनी जिना उतरते. फ्रीज मेथीनं भरला. सुलेखा, हनुमानची बायको, पहिले काही दिवस गप्प राहिली, मग एका सकाळी पराठ्याचं पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, आईंना सांगा ना काहीतरी. मेथीचे पराठे, मेथीची भाजी, मेथीचं पिठलं. आपली श्रेया म्हणते मी मेसला जाऊन जेवीन."

"तूच सांग."

"मी कशी सांगू? त्यांचा आवाज ऐकायला जातात त्या. मन कसं मोडायचं?" सुलेखानं डोळे पुसले. तिचा सासऱ्यांवर फार जीव होता. तिच्या माहेरचं मोडकं कपाट त्यांनी नव्यासारखं करून दिलं होतं. "खरं सांगू, मलासुद्धा बरं वाटतं हो. घरात पुरुष माणूस असल्यासारखं."

हे वाक्य ती सहज बोलली, परातीकडे बघत. हनुमान डबा घेऊन निघाला.

गल्लीलाही बरं वाटत होतं. समोरचे सर्जेराव, पेन्शनीत निघालेले, फाटकाशी पेपर घेऊन उभेच असत. "काय माणूस व्हता!" ते रोज म्हणत. "मेला तरी गल्ली जागी करतो. अरे, माझ्या मुलीच्या लग्नात जिलेबी तळता तळता मंगलाष्टकं म्हटली त्यांनी, एक वेढा वाकडा नाय." मग हनुमानकडे वरपासून खालपर्यंत बघून, अगदी आपुलकीनं, "तुमच्यात नाय उतरलं हो त्यातलं काही?" हनुमान हसायचा. या प्रश्नाला हसण्याची त्याला जुनी सवय होती. स्वतःच्या लग्नातही तो असाच हसत बसला होता. त्या लग्नाची गोष्ट निघाली की लोक आप्पांच्या मसालेभाताबद्दल बोलतात, नवरदेव कसा होता ते कोणाला आठवत नाही. श्रेयानं आजोबांच्या आवाजाचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला, त्यावर तिच्या मैत्रिणींनी रडके चेहरे पाठवले. "पप्पा, बघा ना," म्हणून तिनं फोन पुढे केला. त्यानं बघितल्यासारखं केलं. पोरगी वाईट नव्हती. पण तीही एकदा त्याला म्हणाली होती, "तुम्ही कधी मदतच करत नाही." लहानपणी तिच्या सायकलची चेन पडायची, ती रडत बसायची, आणि हा हात पाठीमागे बांधून शेजारी उभा. तिचं तिला जमलं पाहिजे, मधे हात घालायचा नाही, अशी शपथच घेतली होती त्यानं. दहा बोटं काळी करून तिनं चेन बसवली, तेव्हा त्याच्या छातीत काय दाटून आलं होतं ते तिला कुठे ठाऊक? तिला एवढंच आठवतं की बाप नुसता बघत होता. पुढे चेन पडली की ती सरळ आजोबांकडे जाऊ लागली.

आणि ती हाळी! बाकी सगळं एक वेळ सहन झालं असतं. मेथी, पालक, कोथमीर इथवर आवाज आजाऱ्याचा होता; नीट कान दिला तर मधे मधे धाप ऐकू यायची, 'कवळी कवळी' म्हणताना शब्द घसरायचा. ते ऐकताना हनुमानला क्षणभर दयाही यायची. आणि मग एकदम ती हाळी, कोवळी, धारदार, श्वासाचं कुठे ठिगळ नाही अशी. ही हाळी त्याच्या ओळखीची होती. आप्पांच्या नकलांच्या कार्यक्रमातला तो शेवटचा आयटम असायचा, 'मेंढक्याची हाळी'. डोक्याला मुंडासं, हातात काठी, कानावर हात ठेवून आप्पा हाळी घालायचे आणि वर्कशॉपचं अख्खं स्नेहसंमेलन टाळ्या वाजवायचं. आई त्या वेळी हमखास उठून पाणी प्यायला जायची. पण तेव्हा छाती धडधाकट होती. फुप्फुसात पाणी झालेला माणूस, दोन पायऱ्या चढला की भिंत धरणारा, मरायच्या दारात एवढा वर जातो कसा? जातो. कारण त्याला सगळंच येतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात हनुमान त्यांची दाढी करायला बसला होता. गालाला साबण लावला, कातडी ताणून धरली. आयुष्यात पहिल्यांदा बापाचा चेहरा त्याच्या हातात आला होता, आणि तो इतका हलका, इतका उबदार निघाला की त्याचा हात भीतीनं नव्हे, वेगळ्याच कशानं तरी थरथरला. तो थरथरला मात्र, आप्पांनी डोळे उघडले, नळी लावलेला हात उचलला. "आण इकडं." रेझर घेतला आणि स्वतःच हनुवटी कापून घेतली. रक्त बघून हनुमानला बरं वाटलं होतं. ती गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही, पण खरी ती होती. निदान एकदा तरी त्या हाताला जमलं नाही! आणि आता ही हाळी रोज येऊन सांगत होती की छे, जमत होतं, शेवटपर्यंत सगळं जमत होतं.

एका संध्याकाळी कंपनीची बस चौकात सोडून गेली तेव्हा सांडू उरलेल्या भाजीवर ओलं गोणपाट टाकत होता. हनुमान त्याच्यापाशी गेला. आपण जाणार आहोत हे त्याला बसमध्येही माहीत नव्हतं.

"सांडू, हा आवाज काढून टाक."

सांडू बघत राहिला. "काहून दादा? गिऱ्हाईक तर या आवाजालाच येतंय. बाबांनी लई जीव लावून भरला व्हता."

"आईला त्रास होतो. उठते, जिना उतरते, उगाच तेच तेच धरून बसते. माणूस गेला तो गेला." बोलताना त्याचं त्यालाच ते पटत गेलं, आणि अर्धं खरंही होतं. "मी भरून देतो दुसरा."

"तुमी?" सांडूनं विचारलं. त्या एका शब्दात काही वाईट नव्हतं, पण हनुमानला तो मानेवर लागला, पट्ट्याचा वळ होता तिथेच.

"व्हय, मी. मला बोलता येत नाही का?"

"तसं नाय, दादा. पन एक डाव आजीला तरी इचारा. त्यात ते शेवटचं हाय ना, ते..."

"कळतंय मला काय आहे त्यात. आण इकडं."

सांडूनं भोंगा सोडला आणि त्याच्या हातात दिला. असं म्हटलं की माणसं देतात, हे हनुमानला पन्नाशीत कळलं. भोंगा हलका होता, उन्हानं तापलेला. बटण दाबून धरलं की जुना आवाज जातो आणि नवा भरतो, एवढंच तर होतं. त्यानं बटण दाबलं. भोंगा तोंडाशी नेला आणि तो बोलू लागला. मेथी आली मेथी. ऊठ गं माय, ऊठ गं ताई, पिशवी घे हाती. शब्द आप्पांचेच, दुसरे त्याला सुचले नाहीत. पण आवाज त्याचा, जरा चपटा, जरा भित्रा, तरी त्याचा. कोथमिरीपाशी येऊन तो थांबला. हाळी घालायचा प्रश्नच नव्हता. ज्या गोष्टीचा त्याला इतका संताप होता तिच्या जागी त्यानं काहीही भरलं नाही, नुसतं बटण थोडा वेळ तसंच दाबून धरलं, आणि तेवढी शांतता त्या भोंग्यात जाऊन बसली. मग त्यानं ते सगळं ऐकून पाहिलं. त्याला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, चांगला पोटातून वर चढत आलेला आनंद झाला, पिशोरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा. सांडू म्हणाला, "बरा हाय." घरी येताना त्यानं श्रेयासाठी कुल्फी घेतली. ती म्हणाली, "आज काय विशेष?" तो म्हणाला, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. मुद्दाम तो गॅलरीत चहा घेऊन बसला. आई शेजारी खुर्चीवर, मांडीवर घडी घातलेली पिशवी. गाडी गल्लीत शिरली आणि त्याचा आवाज घराघरावरून पुढे येऊ लागला. सर्जेरावांनी पेपरातून मान वर काढली, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा पेपरात घातली. हनुमानचा चहा निवत होता. मेथी, शेपू, पालक, कोथमीर. मग ती रिकामी जागा. आणि मग पुन्हा मेथी. आई उठली नाही. तिनं मान जराशी कलती केली होती, पुढचं काही ऐकू येईल म्हणून. आवाज दुसऱ्यांदा कोथमिरीशी येऊन थांबला आणि त्या रिकाम्या जागेत तिचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"हाळी नाय आली," ती म्हणाली.

"काढून टाकली. आता माझा आवाज आहे, आई. काल मी भरून दिला."

"तुहा हाय ते वळखलं मी. तुहाच हाय. चांगला बोललास." जन्मात इतकं कौतुक तिनं त्याचं केलं नव्हतं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. "पन हाळी कामून काढली? ती माही व्हती."

"तुझी कुठली? आप्पांची ती. नकलेत घालायचे..."

"नकलेत घालायचे. शिकले कुनापासून? माह्या बापाच्या घरची हाळी हाय ती. मेंढरं वळवायला मी घालायची, लगीन व्हायच्या आधी. या टेकडीवरून घातली तं त्या टेकडीवरची मेंढरं मान वर करायची." ती सावकाश बोलत होती, पिशवीची घडी मोडत आणि पुन्हा घालत. "अन् भोंग्यातली तं माहीच. त्यांना कुठं दम व्हता? कोथमिरीपतुर आले अन् खोकला लागला. सांडू म्हनला, राहू द्या बाबा. तवा त्यांनी माह्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. भोंगा माह्या हातात देला अन् म्हनले, धर. तुही हाय, तूच घाल."

हनुमाननं कपबशी खाली ठेवली. "मग तू सांगितलं का नाही कोणाला?"

"इचारलं कुनी?" त्यात राग नव्हता. "मला काय एवढी मेथी लागती व्हय रे? खाली उभं राह्यलं की गल्लीतल्या बाया ऐकायच्या. त्यांना वाटायचं सूर्यभान. वाटू दे. मला ठाव व्हतं ना."

तो धडपडत आत गेला, श्रेयाला झोपेतून उठवलं, तो व्हिडिओ दाखव म्हणाला. तिनं डोळे चोळत शोधून दिला. मेथी, शेपू, पालक, आप्पांची धाप, कवळी कवळी कोथमीर, आणि तिथे तो संपला. स्टेटसला जेवढं मावतं तेवढंच तिनं काढलं होतं. तो पुन्हा गॅलरीत आला. "आई, आता घाल ना. परत भरू आपण. मी सांडूला थांबवतो." आईनं त्याचं ऐकलं. कानावर हात ठेवला, मान वर केली, तोंड उघडलं. आतून नुसता वारा आल्यासारखा एक खर्र झाला आणि तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं. "आता नाय येत," ती पदराआडून म्हणाली. "त्या दिशी आली ती आली." खाली गाडी वळून परत येत होती.

"त्यांनी जल्मात एकदा देलं व्हतं," आई म्हणाली. "तू बी इचारलं नाय, हनू."

तिनं मांडीवरची पिशवी उचलली, त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "धर. आजपून तूच आन भाजी."

तो जिना उतरला. गाडीशी दोन-तीन बायका उभ्या होत्या. सांडूनं त्याच्याकडे बघितलं आणि जुडी बांधू लागला. हनुमान पिशवी उघडून उभा राहिला. दांडीवरच्या भोंग्यातून त्याचाच आवाज त्याच्या कानाशी ओरडत होता, ऊठ गं माय, ऊठ गं ताई, पिशवी घे हाती. त्यानं मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. आई उठली नाही.